सायबर सुरक्षेचा पहिला कोर्स: फी भरण्याआधी

दहावीची परीक्षा संपली की निकाल लागेपर्यंत नगर जिल्ह्यातल्या घराघरांत एकच प्रश्न फिरतो: पोराला कोणता क्लास लावायचा? पूर्वी उत्तर ठरलेलं होतं. एमएस-सीआयटी, टायपिंग, फार तर टॅली. आता त्या यादीत 'सायबर सिक्युरिटी' आणि 'एथिकल हॅकिंग' यांची भर पडली आहे. जाहिरातीतलं चित्रही ठरलेलंच. हुडी घातलेला बिनचेहऱ्याचा तरुण, मागे काळ्या पडद्यावर हिरवे आकडे, आणि खाली 'थोड्या दिवसांत शिका, हमखास नोकरी मिळवा'.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आठवी ते बारावीतल्या मुलामुलींनी हा विषय जरूर शिकावा, पण पहिले सहा महिने त्यासाठी एक रुपयाही फी भरू नये. या वयाला जे लागतं ते फुकट मिळतं आणि चांगलं मिळतं. पैसे मोजून जे मिळतं, त्यातलं बरंचसं या वयाला लागत नाही.

विषय मात्र फॅशनचा नाही, गरजेचा आहे. चौदा तालुक्यांचा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. उसाचं बिल, दुधाचा पगार, पीएम किसानचा हप्ता, लाडक्या बहिणीचे पैसे, सगळं आता खात्यावर येतं आणि त्याचा मेसेज मोबाइलवर येतो. त्या मोबाइलचा कारभार कोण पाहतं? बहुतेक घरांत नववी-दहावीतलं पोर. आजोबांचं यूपीआय तेच सुरू करून देतं, ओटीपी तेच वाचून दाखवतं. म्हणजे घरातला सुरक्षा अधिकारी आधीच नेमलेला आहे, त्याचं प्रशिक्षण तेवढं राहिलं आहे.

कोर्स कसा पारखायचा, यासाठी गावात घडणारंच एक उदाहरण घेऊ. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक फाइल येते. नाव असतं पीएम किसान यादी, आरटीओचं चलन किंवा एखाद्याची लग्नपत्रिका, आणि शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरं. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसणारं पूर्ण अ‍ॅप. ते उघडलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप बसवू का? माणूस 'हो' म्हणतो. मग अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. तीही मिळते. इथून पुढे बँकेचा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. पासवर्ड फोडण्याची, कोड लिहिण्याची काहीच गरज उरत नाही. दोन वेळा 'हो' म्हटलं, एवढ्यावर काम होतं.

आता दोन कोर्स समजा. पहिला सांगतो, 'अनोळखी फाइल उघडू नका.' दुसरा मुलाला स्वतःच्या फोनची सेटिंग उघडायला लावतो, परवानग्यांच्या पानावर नेतो आणि विचारतो: तुझ्या फोनमधल्या किती अ‍ॅप्सना एसएमएस वाचता येतात? टॉर्चच्या अ‍ॅपला संपर्कयादी कशाला हवी? हा दुसरा कोर्स घ्यावा. पहिल्यातली सूचना चुकीची नाही. पण उद्या चोराने एपीके सोडून दुसरी युक्ती काढली की ती निकामी होते. परवानगी ही कल्पना समजलेलं मूल नवी युक्तीही ओळखतं.

हाच मुद्दा मोठ्या प्रमाणावर पाहायचा तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला पाहावा. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा पैसे द्यायचे की नाही हे मशीन स्वतः ठरवत नाही. ते बँकेच्या स्विचला विचारतं, स्विच खात्यांच्या मुख्य प्रणालीला विचारतो, तिकडून होकार आला की नोटा बाहेर पडतात. चोरांनी या साखळीत आपला खोटा स्विच घुसवला. तो खात्याची चौकशी न करताच होकार देत राहिला. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी नकली कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतात अडीच कोटी. दोन दिवसांनी १३ कोटी ९२ लाख रुपये बँकांच्या आंतरराष्ट्रीय स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या खात्यावर वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. ज्या मुलाला 'कोणतं यंत्र कोणाला विचारतं आणि उत्तरावर का विश्वास ठेवतं' हे कळलं, त्याला ही चोरी दहा मिनिटांत समजते. ज्याने फक्त हॅकिंगची टूल्स चालवून पाहिली, त्याला ती चमत्कारासारखी वाटत राहते.

म्हणून पहिल्या कोर्समध्ये नेटवर्क हवंच. आयपी पत्ता म्हणजे काय, संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर डीएनएस त्याचा पत्ता कसा शोधतो, राउटर काय करतो, ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात. त्याच्या जोडीला लिनक्सची कमांड लाइन, कारण या क्षेत्रातली निम्मी कामं तिथेच चालतात. थोडं पायथन. आणि पासवर्डचं शास्त्र.

पासवर्डवरून आठवलं: क्लास चालवणाऱ्या सरांची परीक्षा घ्यायची असेल तर एक साधा प्रश्न विचारा. 'पासवर्ड विसरलो' असं दाबलं की संकेतस्थळ नवा पासवर्ड करायला लावतं. जुनाच का सांगत नाही? उत्तर असं, की नीट बांधलेल्या संकेतस्थळाकडे तुमचा पासवर्ड नसतोच. त्याच्याकडे असतो हॅश, म्हणजे पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून काढलेली अक्षरांची माळ. पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा दोन हॅश जुळतात का एवढंच तपासलं जातं. एखाद्या संकेतस्थळाने जुना पासवर्ड जसाच्या तसा मेलवर पाठवला, तर त्याने तो उघडा साठवला आहे असं समजावं आणि तिथून काढता पाय घ्यावा. सरांनी हे फळ्यावर समजावून सांगितलं तर सर जाणकार आहेत. 'ते पुढच्या लेव्हलला येतं' असं उत्तर आलं तर पुढच्या लेव्हलची फी किती, हेही लगेच कळेल.

तंत्राइतकंच वजन माणसाच्या वागण्याला द्यायला हवं, कारण सर्वांत जुनी फट तीच आहे. नगरकरांना हे बाहेरून शिकायची गरज नाही. आपला भुईकोट किल्ला भक्कम, भोवती रुंद खंदक. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तो चार-पाच दिवसांत घेतला. जुन्या गॅझेटियरमधल्या हकिगतीनुसार भिंगारच्या देशमुखाला चार हजार रुपये मिळाले आणि मारा कोणत्या बाजूने करावा हे इंग्रजांना समजलं. आजचा चोर बँकेच्या संगणकावर धडका मारत बसत नाही, तो तुम्हालाच फोन करतो. 'डिजिटल अरेस्ट' हा त्यातलाच प्रकार: व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस, खोटं न्यायालय, आणि घाबरलेला सज्जन माणूस. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं की अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. ज्या अभ्यासक्रमात या फसवणुकीच्या मानसशास्त्राला जागा नाही, तो अर्धवट आहे.

आता कायदा. हा भाग पालकांनी दोनदा वाचावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय, गैरहेतूने कोणाच्या संगणकात शिरणं हा गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर कलम ६६ क. म्हणजे मैत्रिणीचं इन्स्टाग्राम 'गंमत म्हणून' उघडणं किंवा शाळेच्या पोर्टलवर गुण बदलता येतात का हे करून पाहणं, ही गंमत राहत नाही. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं हे खरं. पण फोन जप्त होणं, चौकशी, गावभर चर्चा यातून त्याची सुटका होत नाही. दुसरा सापळा आणखी साधा आहे. कॉलेजमधला कोणीतरी म्हणतो, तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्याच दारात येतात. यात हॅकिंग कुठेच नाही, तरी चांगल्या सायबर कोर्समध्ये हा धडा असलाच पाहिजे.

यावरून कोर्सची एक कसोटी आपोआप निघते. पहिल्याच दिवशी 'परवानगी' शिकवतात का, आणि सराव कशावर करून घेतात? सरावासाठी मुद्दाम बांधलेल्या, कायदेशीर प्रयोगशाळा जगभर उपलब्ध आहेत. कोणी शेजाऱ्याच्या वाय-फायवर प्रात्यक्षिक दाखवत असेल तर तिथून मुलाला उठवून घरी आणावं. भरलेली फी बुडाली तरी चालेल.

फुकट काय मिळतं ते पाहू. ओळख करून घ्यायला सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचा 'इंट्रोडक्शन टू सायबरसिक्युरिटी' हा ऑनलाइन कोर्स बरा आहे. काही तासांचा, आपापल्या वेगाने करायचा, शेवटी डिजिटल बॅज. त्यात वाचन जास्त आणि हाताला काम कमी. मुलाला विषय आवडतो का एवढं कळण्यापुरता तो घ्यावा आणि बॅजचं फार कौतुक करू नये.

खरी गोडी लागते ती 'ओव्हर द वायर' या संकेतस्थळावरच्या 'बॅंडिट' या खेळाने. दूरच्या एका लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करायचं. पहिल्या पायरीवर एका फाइलमध्ये पुढच्या पायरीचा पासवर्ड ठेवलेला असतो. तो शोधून पुढे जायचं. पहिली फाइल सरळ सापडते. त्यापुढची फाइल समोर दिसते, पण तिचं नाव आहे नुसती एक आडवी रेघ, '-'. नेहमीच्या कमांडने ती उघडायला गेलं की संगणक गप्प बसून राहतो, कारण त्या रेघेचा अर्थ तो 'आता कीबोर्डवरून काहीतरी टाइप होईल' असा घेतो. मूल चिडतं, मदतीचं पान वाचतं, शोधतं, आणि एकदाचं जमतं. उत्तर इथे देत नाही. ते स्वतः शोधण्यातच सगळा कोर्स आहे. कमांड लाइनची भीती मोडायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

त्यानंतर 'पिकोसीटीएफ'. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने शालेय मुलांसाठी २०१३ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा. तेरा वर्षांवरच्या कोणालाही नोंदणी करता येते आणि जुने प्रश्न वर्षभर सरावाला खुले असतात. सीटीएफ म्हणजे 'झेंडा पकडा'. प्रत्येक कोड्यात कुठेतरी एक मजकूर लपवलेला असतो: फोटोच्या आत, संकेतलिपीत, वेबपानाच्या मागच्या कोडमध्ये. तो काढला की गुण. मोठी सोय अशी की लिनक्सची खिडकी ब्राउझरमध्येच उघडते, संगणकावर काहीही बसवावं लागत नाही. शाळेच्या जुन्या संगणकावरही चालतं. आपल्याकडे अमृता विश्व विद्यापीठातली मंडळी 'इनसीटीएफ ज्युनियर' ही शाळकरी मुलांसाठीची स्पर्धा घेतात. प्रज्ञाशोध आणि ऑलिंपियाडची तयारी करून घेणाऱ्या शाळांनी तिकडेही लक्ष द्यायला हरकत नाही.

घरी संगणक नसेल तर? अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर किंवा पाथर्डीतल्या ऊसतोड कुटुंबांत हा प्रश्न पहिला येतो. अँड्रॉइड फोनवर 'टर्मक्स' या अ‍ॅपमधून लिनक्सची कमांड लाइन मिळते आणि बॅंडिट तेवढ्यावर खेळता येतं. डोळ्यांना त्रास होतो, टायपिंग किचकट होतं, पण सुरुवात अडत नाही. लॅपटॉपसाठी कर्ज काढण्याची घाई या टप्प्यावर मुळीच नको.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे. माझा अनुभव असा, की मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीपेक्षा एकटेपणा जास्त अडवतो. दोघं-तिघं मिळून बसली की एक वाचतो, दुसरा अर्थ लावतो, तिसरा कमांड मारतो. संकल्पना मराठीत समजून घ्यायच्या असतील तर केंद्र सरकारच्या माहिती सुरक्षा जनजागृती प्रकल्पाच्या, म्हणजे 'आयसिया'च्या पुस्तिका भारतीय भाषांत आहेत. हा प्रकल्प सी-डॅकमार्फत चालतो. पुण्याच्या क्विक हील या अँटीव्हायरस कंपनीची संस्था महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तयार करून शाळाशाळांत सत्रं घ्यायला पाठवते. ही सत्रं जागरूकतेची असतात, तंत्राची नसतात. पण आठवीच्या वर्गासाठी तेवढी पुरतात.

क्विक हीलचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. तिचे संस्थापक कैलास काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले, मग संगणक. धाकट्या भावाला, संजयला, त्यांनी संगणक शिकायला लावलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून पसरत होता. ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरची माहिती पुसणारा. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत असलेच व्हायरस सापडायचे आणि संजय ते काढायला छोटे प्रोग्रॅम लिहायचा. त्यातून पुढे कंपनी उभी राहिली. ही गोष्ट 'शिक्षण सोडा' असं सांगायला वापरू नये. धाकट्याचं शिक्षण सुटलं नाही म्हणूनच ती घडली. पण दोघांनी सुरुवात बिघडलेलं यंत्र उघडून केली, प्रमाणपत्राने केली नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

प्रमाणपत्रांबद्दल त्यामुळे थोडक्यातच. 'सीईएच' किंवा 'सिक्युरिटी प्लस' ही नावं जाहिरातीत दिसतील. ती खरी आहेत, पण नोकरीत असलेल्यांसाठी आहेत. सिक्युरिटी प्लससाठी तर परीक्षा घेणारी संस्थाच आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव असावा असं सुचवते. दहावीच्या मुलाला त्याची तयारी करून देतो म्हणणारा क्लास मुलाकडे पाहत नसून पालकांच्या खिशाकडे पाहतो आहे. शिवाय फुकट वेबिनारच्या नावाखाली कोणी मुलाचा आधार क्रमांक, फोटो, वडिलांचा मोबाइल मागत असेल तर थांबावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. सुरक्षा शिकवणाऱ्याने सुरुवातच माहिती गोळा करण्यापासून करावी, हा विनोद कमी आणि इशारा जास्त आहे.

सहा महिने सराव करूनही मुलाचा उत्साह टिकला, तर पुढचा रस्ता शाळा-कॉलेजातूनच जातो. राज्य मंडळाच्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात सायबर कायद्याचं प्रकरण आहे. विज्ञान शाखेला संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषय घेता येतो. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात संगणक पदविका केली तर त्यात नेटवर्क आणि माहिती सुरक्षा शिकवतात. आयटीआयला 'कोपा' हा एका वर्षाचा संगणक ट्रेड आहे, तोही कमी लेखण्यासारखा नाही. बारावीनंतर अभियांत्रिकी हवी तर संगमनेर, कोपरगाव, लोणी, विळद घाट, सगळं जिल्ह्यातच आहे. सायबर सुरक्षेची वेगळी पदवी आकर्षक वाटते, पण मी माझ्या घरातल्या मुलाला साधी संगणक अभियांत्रिकीच घ्यायला सांगेन. पाया पक्का असेल तर सुरक्षा नंतर शिकता येते. उलटं जमणं अवघड जातं.

मुलींच्या पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. फोटोत फेरफार, खोटी प्रोफाइलं, धमक्या याला घाबरून मुलीचा फोन काढून घेतला जातो आणि तिचं शिकणंच थांबतं. याच मुलींनी हा विषय आधी शिकायला हवा. कोर्समध्ये पुरावा कसा जपायचा, म्हणजे स्क्रीनशॉट, लिंक, तारीख-वेळ, आणि तक्रार कुठे करायची, हे असलं पाहिजे. नगरला जिल्हा पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं आहे, केंद्राचं तक्रार पोर्टल आहे. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो, कारण चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतानाच तो मध्ये गोठवता येतो. उशीर झाला की तो काढून घेतलेला असतो.

राहता राहिली शाळा. जिल्ह्यात रयत शिक्षण संस्थेच्या आणि स्थानिक शिक्षण संस्थांच्या कितीतरी शाळा आहेत, टाकळी ढोकेश्वरला नवोदय आहे, अनेक ठिकाणी संगणक कक्षही आहेत. त्यांतल्या बऱ्याच कक्षांना तपासणीचे दिवस सोडले तर कुलूप असतं, हे शाळेशी संबंध असलेल्या कोणालाही सांगायला नको. तेव्हा पालकांना विनंती आहे की यंदा क्लासच्या चौकशीला जाण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास संगणक कक्ष उघडा ठेवायला सांगा, एका शिक्षकाला तिथे बसवायला सांगा, आणि पाच-सात मुलामुलींची नावं द्या. इंटरनेटचं बिल वर्गणी काढून भरा. एका मुलाच्या क्लासच्या फीमध्ये ते वर्षभराचं भागेल.